वेगळ्या कंट्रोलरमागच्या हार्ड डिस्कसाठी देखभालीचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

डिस्क मदरबोर्डवरच्या साध्या साटा पोर्टला (डिस्क थेट जोडण्याची नेहमीची जागा) लावलेली असेल, तर देखभालीचं सॉफ्टवेअर निवडायला फार डोकं लागत नाही. कुठलंही बरं सॉफ्टवेअर घ्या, ते डिस्कशी थेट बोलेल. पंचाईत होते ती डिस्क यूएसबी डब्यात, रेड कार्डामागे (अनेक डिस्क एकत्र करून एकच असल्यासारख्या चालवणारं कार्ड) किंवा चार-पाच खणांच्या डॉकमध्ये बसलेली असते तेव्हा. मग तेच सॉफ्टवेअर ‘स्मार्ट (डिस्कच्या तब्येतीची नोंद) उपलब्ध नाही’ म्हणतं, तापमान शून्य दाखवतं, किंवा हिरव्या रंगात ‘ठीक’ असा शेरा देतं. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो शेरा पुष्कळदा डिस्कचा नसतोच. मधल्या चिपनं स्वतःच्या वतीनं दिलेला असतो.

म्हणून सॉफ्टवेअरच्या याद्या चाळण्याआधी मध्ये कोण बसलंय ते शोधा. नाव नंतर ठरतं, आणि बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

पायरी १: मधली चिप ओळखा

तापमान, चालू तास, बदललेले सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे तुकडे) ही सगळी ‘स्मार्ट’ नोंद डिस्कवरचा स्वतःचा कंट्रोलर ठेवतो. ती मागण्याची आज्ञा साटा डिस्कला एका भाषेत द्यावी लागते, सॅस डिस्कला (सर्व्हरमधला प्रकार) दुसऱ्या आणि एनव्हीएमईला (वेगवान एसएसडी) तिसऱ्या. यूएसबी स्टोरेज मात्र स्कझी या आणखी एका भाषेतल्या आज्ञांवर चालतं. त्यामुळे यूएसबी डब्यातली ब्रिज चिप दुभाष्याचं काम करते. ‘वाच’ आणि ‘लिही’ एवढं भाषांतर प्रत्येक दुभाष्याला येतं. ‘तब्येत कशी आहे’ हा प्रश्न पलीकडे पोचवणं प्रत्येकाला येतंच असं नाही. यासाठी सॅट नावाची एक प्रमाणित पद्धत आहे. तिच्यात साटाची आज्ञा १२ किंवा १६ बाइटच्या स्कझी आज्ञेत गुंडाळून जशीच्या तशी पुढे जाते. अलीकडच्या बहुतेक साटा ब्रिज ती पाळतात. सायप्रस, सनप्लस, प्रोलिफिक आणि जेमायक्रॉनच्या जुन्या चिपांनी मात्र आपापल्या वेगळ्या आज्ञा काढल्या होत्या.

चिप ओळखायला डबा उघडावा लागत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी उपकरणाच्या गुणधर्मांत ‘हार्डवेअर आयडी’ पाहा. लिनक्समध्ये यूएसबीसाठी एलएसयूएसबी आणि कार्डांसाठी एलएसपीसीआय या आज्ञा आहेत. उत्पादक क्रमांक १५२डी असेल तर जेमायक्रॉन, १७४सी असेल तर एएसमीडिया, ०बीडीए असेल तर रिअलटेक. मोठे डिस्क उत्पादक पुष्कळदा चिपवर स्वतःचाच क्रमांक चढवतात (सीगेटचा ०बीसी२, वेस्टर्न डिजिटलचा १०५८), त्यामुळे तिथे चिपचं मूळ नाव कळत नाही. डब्यावरच्या ब्रँडच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. एकाच मॉडेलच्या डब्यात पुढच्या खेपेला दुसरीच चिप निघू शकते.

रेड कार्डांच्या बाबतीत कंपन्यांची वंशावळ माहीत असलेली बरी, नाहीतर सॉफ्टवेअर चुकीच्या नावानं शोधत बसाल. थ्रीवेअरचा रेड कार्डांचा व्यवसाय २००९ मध्ये एलएसआयकडे गेला, २०१४ मध्ये एलएसआय अवागोकडे गेली आणि २०१६ मध्ये अवागोनं ब्रॉडकॉम हे नाव घेतलं. अडाप्टेकची कार्डं पीएमसी-सिएरा, मायक्रोसेमी असं करत शेवटी मायक्रोचिपकडे पोचली. डेलची पर्क कार्डं बहुतांशी एलएसआयच्याच मेगारेड घराण्यातली. जुन्या कार्डाची साधनं आज भलत्याच कंपनीच्या नावाखाली सापडतात ती यामुळे.

पायरी २: नाव बघण्याआधी कसोटी ठरवा

कुठलंही सॉफ्टवेअर डिस्कपर्यंत खरंच पोचतंय का, हे तपासायला चार गोष्टी पुरतात. जाहिरातीतलं ‘सर्व कंट्रोलरना पाठिंबा’ हे वाक्य त्यांत धरू नका.

पहिली आणि सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे अनुक्रमांक. सॉफ्टवेअरनं दाखवलेला अनुक्रमांक डिस्कच्या लेबलवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. ०१२३४५६७८९ असा ओळीनं आकड्यांचा क्रमांक दिसला किंवा मॉडेलच्या जागी डब्याचं नाव आलं, तर तुम्ही अजून दुभाष्याशीच बोलताय. दुसरी, माहिती जिवंत आहे का: मोठी फाइल कॉपी करून तापमान हलतं का पाहा, तास-दोन तासांनी चालू तासांचा आकडा वाढला का पाहा. तिसरी, डिस्कची स्वतःची चाचणी त्या सॉफ्टवेअरमधून सुरू करता येते का आणि तिचा निकाल नोंदीतून परत वाचता येतो का. चौथी गोष्ट म्हणजे मूळ आकडे. नुसती टक्केवारी किंवा रंग दाखवून गप्प बसणारं सॉफ्टवेअर रोजच्या नजरेला ठीक आहे, पण निर्णय त्याच्यावर घेऊ नये. ‘आरोग्य ८७ टक्के’ हे त्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं सूत्र असतं. साध्या साटा हार्ड डिस्कमधून असा आकडा येत नाही.

शिवाय सुरुवातीला निवडलेलं साधन फक्त वाचणारं असावं. दुरुस्ती, पुसणं, फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलणं ही बटणं पहिल्याच पडद्यावर मांडणारी साधनं अनोळखी कंट्रोलरवर आधी चालवू नयेत.

पायरी ३: यूएसबी डबे

इथे माझी पहिली पसंती स्मार्टमॉनटूल्सला. २००२ पासून चालत आलेला हा मुक्त प्रकल्प लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे चालतो, आणि कंट्रोलरचा प्रकार स्वतः सांगण्याची सोय त्यात आहे. या कामात तीच सगळ्यात मोलाची. त्यातलं स्मार्टसीटीएल हे आज्ञा-ओळीवरचं साधन आहे. खिडक्या-बटणं हवी असतील तर जीस्मार्टकंट्रोल त्याच्याच आधारानं चालतं. (पुढचे सगळे पर्याय टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरांत.)

आधी ‘स्कॅन-ओपन’ पर्याय चालवून ते आपोआप काय ओळखतं ते पाहा. नाही ओळखलं, तर हायफन-डी या पर्यायापुढे प्रकार द्या. साटा डिस्क असलेल्या डब्याला सर्वात आधी ‘सॅट’. ते चाललं नाही तर ‘सॅट,१२’, म्हणजे १६ बाइटऐवजी १२ बाइटची आज्ञा. काही चिपांना तेवढीच कळते. मग जुन्या चिपांसाठी यूएसबीजेमायक्रॉन, यूएसबीसायप्रस, यूएसबीसनप्लस, यूएसबीप्रोलिफिक. डब्यात एनव्हीएमई असेल तर हे सगळं निरुपयोगी. तिथे चिपप्रमाणे एसएनटीजेमायक्रॉन, एसएनटीएएसमीडिया किंवा एसएनटीरिअलटेक द्यावं लागतं. प्रकार अंदाजानं एकामागून एक मारत सुटू नका. चुकीची आज्ञा मिळाल्यावर काही ब्रिज गोठतात आणि केबल काढून लावल्याशिवाय जाग्या होत नाहीत. चालू कॉपी मध्येच तुटते ती अशी. आधी चिप ओळखायला सांगितलं ते यासाठीच.

सोबत येणारी डिस्कची माहितीसूचीही अद्ययावत करून घ्या, तिच्यासाठी वेगळी आज्ञा आहे. चिपचा क्रमांक कुठला आणि प्रकार कुठला, शिवाय कुठल्या एसएसडीत कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे सगळं त्याच सूचीत असतं.

लिनक्सवर सीगेटच्या यूएसबी डिस्कांची वेगळी अडचण आहे. यूएएस या जलद पद्धतीत त्यांच्या ब्रिज सॅट आज्ञांवर अडखळतात, म्हणून कर्नेलच (लिनक्सचा गाभा) त्या आज्ञा अडवून धरतो. स्मार्ट वाचायचंच असेल तर यूएसबी-स्टोरेजच्या ‘क्वर्क्स’ सेटिंगमध्ये त्या उपकरणाचा क्रमांक घालून यूएएस बंद करता येतं. वेग थोडा घटतो, माहिती मिळते. मॅकवर यूएसबीमागच्या डिस्कची स्मार्ट माहिती मुळातूनच मिळत नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. नव्या मॅकवर तो बसवायचा तर सुरक्षेची पातळी उतरवावी लागते. एका डिस्कसाठी एवढं करण्यापेक्षा ती दुसऱ्या संगणकाला लावून वाचणं सोपं.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे आणि बहुतेक प्रचलित ब्रिज ओळखतं. ब्रिज आणि रेड कार्डांची विचित्र जोडणी असेल आणि पैसे मोजायची तयारी असेल, तर हार्ड डिस्क सेंटिनेलचा आवाका मोठा आहे. त्याचा आरोग्याचा टक्का मात्र वर सांगितल्याप्रमाणे जपूनच वाचावा आणि मूळ आकड्यांचं पान उघडून बघावं. सीगेटच्या सीटूल्ससारखी उत्पादकांची साधनं वॉरंटीच्या दाव्याला उपयोगी पडतात. अनोळखी ब्रिजमागे ती मुकी होतात एवढंच.

डिस्कच्या स्वतःच्या चाचणीचा लहान आणि लांब असा प्रकार असतो; त्यातल्या लांब चाचणीबद्दल एक सांगायला हवं. ती डिस्कच्या आतच चालते, संगणकाला तिच्यासाठी डेटा ओढावा लागत नाही. त्यामुळे डब्यातल्या चिपला वाटतं की डिस्क रिकामी बसलीय, आणि ती डिस्कला झोपवते. चाचणी अर्ध्यात रद्द. ४ टेराबाइटच्या डिस्कला सरासरी सेकंदाला १५० मेगाबाइट धरले तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि डबा त्याच्या कितीतरी आधी डुलकी घेतो. उपाय साधा आहे: चाचणी चालू असताना दर मिनिटाला स्मार्टसीटीएलनं स्थिती विचारत राहायची. तरीही चाचणी तुटत असेल तर त्या डब्यात ती होणार नाही हे मान्य करून पृष्ठभाग वाचून काढायचा, म्हणजे सगळे सेक्टर नुसते वाचायचे.

पायरी ४: रेड कार्डं

रेड कार्ड ऑपरेटिंग सिस्टीमला एकच आभासी डिस्क दाखवतं. तिला स्मार्ट नसतं, असूच शकत नाही. तिच्याकडे ‘ऑप्टिमल’ असा शेरा असतो आणि लोक तो डिस्कचा समजून निश्चिंत होतात. खरं तर ‘ऑप्टिमल’ म्हणजे अजून एकही डिस्क बाहेर फेकली गेलेली नाही, एवढंच. आतल्या दोन डिस्क खराब सेक्टर गोळा करत असल्या तरी शेरा तोच राहतो. मग एक डिस्क जाते, पुनर्बांधणी सुरू होते, दुसरी डिस्क पहिल्यांदाच टोकापासून टोकापर्यंत वाचली जाते, आणि तिच्यावरचे न वाचता येणारे सेक्टर नेमके तेव्हा उघडे पडतात. रेड पाचमध्ये (एकाच डिस्कची तूट सोसणारी रचना) त्या क्षणी वाचवायला दुसरं काही उरलेलं नसतं.

म्हणून इथे एक सॉफ्टवेअर पुरत नाही, जोडी लागते. कार्डाच्या उत्पादकाचं साधन रचनेसाठी: मेगारेडला स्टोअरसीएलआय, डेल पर्कला पर्कसीएलआय, एचपीईच्या स्मार्ट ॲरेला एसएसएसीएलआय, अडाप्टेकला आर्ककॉन्फ. आणि आतल्या प्रत्येक डिस्कची नाडी बघायला स्मार्टसीटीएल, ज्यात मेगारेड, सीसीआयएसएस (हे एचपीसाठी), थ्रीवेअर, अरेका, एएसीरेड असे प्रकार देता येतात. बहुतेकांत प्रकारापुढे स्वल्पविराम देऊन डिस्कचा क्रमांक लिहायचा. मेगारेडमध्ये हा खणाचा क्रमांक नसतो. स्टोअरसीएलआयच्या तक्त्यात ‘डीआयडी’ नावाचा रकाना असतो, त्यातला आकडा द्यायचा. चौथ्या खणातली डिस्क बदलायची म्हणून चौथ्या क्रमांकाची वाचून बघितली आणि भलतीच उपटली, असं यातूनच होतं. उपटण्याआधी अनुक्रमांक जुळवा, आणि उत्पादकाच्या साधनातून त्या खणाचा दिवा लुकलुकवून घ्या. साटा डिस्क नीट वाचली जात नसेल तर ‘सॅट+मेगारेड’ असा जोडप्रकार देऊन पाहा.

उत्पादकाच्या साधनातली दोन कामं वेळापत्रकाला लावून टाका. मेगारेडमध्ये त्यांची नावं पॅट्रोल रीड आणि कन्सिस्टन्सी चेक. पहिलं काम रिकाम्या वेळात सगळ्या डिस्क वाचून खराब सेक्टर शोधतं, दुसरं प्रती किंवा पॅरिटी (गेलेला डेटा परत काढण्यासाठी ठेवलेला हिशेब) जुळते का बघतं. नवं कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा हे दोन पर्याय चालू आहेत का ते पाहणं जास्त फायद्याचं. ते फुकट आहेत, कार्डातच आहेत.

साध्या डेस्कटॉप डिस्क रेड कार्डाला लावल्या असतील तर चुकसुधारणेची कालमर्यादाही तपासा. स्मार्टसीटीएलमध्ये ती ‘एससीटीईआरसी’ नावानं दिसते. रेडसाठीच्या डिस्क सहसा ७ सेकंदांत हात टेकतात आणि चूक कळवतात. डेस्कटॉप डिस्क एकाच सेक्टरपाशी त्याहून कितीतरी जास्त वेळ झटत बसते, आणि कार्ड तिला मेली समजून बाहेर काढतं. डिस्क धडधाकट, पण रेडमधून हद्दपार. अशा वेळी डिस्क बदलून काही होत नाही, कारण दुसरी आणलेली त्याच जातीची डिस्कही तसंच वागते.

मदरबोर्डवरचं इंटेलचं रेड किंवा व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या ड्रायव्हरमागे ठेवणारी सोय) हा मधला प्रकार. विंडोजमध्ये अशा डिस्क सीएसएमआय नावाच्या वाटेनं वाचता येतात. स्मार्टसीटीएल आणि क्रिस्टलडिस्कइन्फो दोघांनाही ती वाट माहीत आहे. रेड वापरतच नसाल तर बायोसमधून व्हीएमडी बंद करावंसं वाटेल. पण विंडोज आधीच बसवलेलं असताना ते थेट बंद केलं तर ती सुरू व्हायला नकार देऊ शकते. आधी योग्य ड्रायव्हरची तजवीज करा.

पायरी ५: अनेक खणांचे डबे

आतल्या आत रेड करणाऱ्या स्वस्त डब्यांत पुष्कळदा जेमायक्रॉनची जेएमबी३९एक्स घराण्यातली चिप असते. तिच्यामागच्या डिस्कचं स्मार्ट वाचण्याची सोय स्मार्टसीटीएलमध्ये आहे, पण तिची पद्धत ऐकून घ्या: चिपशी बोलण्यासाठी ती डिस्कवरच्या एका सेक्टरवर लिहिते आणि वाचते. मुळात ठरलेला सेक्टर ३३वा. जीपीटी विभागणीत (डिस्कचे भाग नोंदवण्याची एक पद्धत) तो तक्त्याचा शेवटचा, सहसा रिकामा असलेला तुकडा असतो, म्हणून निभावतं. विभागणी वेगळी असेल तर तिथे तुमचा डेटा असू शकतो. मी हा प्रकार डेटाची प्रत हाती असल्याशिवाय वापरणार नाही, आणि जबरदस्तीनं लिहायला लावणारा ‘फोर्स’ हा शब्द तर जोडणारच नाही. अशा डब्यात डिस्क एक-एक करून बाहेर काढून वाचणं कंटाळवाणं असलं तरी निर्धोक आहे. तेही डबा बंद करून, आणि खणांचा क्रम लिहून ठेवून.

पायरी ६: काय चालवू नये

एमएचडीडीसारखी डॉसच्या जमान्यातली साधनं पोर्टशी थेट बोलतात. त्यांना यूएसबी ब्रिज, रेड कार्ड, एनव्हीएमई काही दिसत नाही; ती इथे बाद. हार्ड डिस्क कायमची पुसणारी ‘सिक्युरिटी इरेज’ आज्ञा यूएसबीमधून कधीही देऊ नका. ब्रिज मध्येच गळपटली तर डिस्क पासवर्डसह कुलूपबंद होऊन बसते. डिस्कचं फर्मवेअर बदलायचं तेही थेट साटा पोर्टवरच. रेड कार्डामागच्या एसएसडीला विंडोज कधी कधी साधी हार्ड डिस्क समजते आणि ‘ऑप्टिमाइझ’ करताना डीफ्रॅगमेंट करायला घेते, तेव्हा त्या खिडकीत माध्यमाचा प्रकार काय लिहिलाय ते एकदा पाहून ठेवा.

डिस्क आधीच अडखळत असेल, तर तिच्यावर चाचण्या चालवण्यात वेळ आणि उरलेलं आयुष्य घालवू नये. विंडोजचं चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधनही नको. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूनं प्रत काढा, नकाशा-फाइल देऊन, म्हणजे काम तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होईल. आणि शक्य असेल तर ब्रिजशिवाय, थेट साटाला लावून.

‘शक्य असेल तर’ म्हटलं त्याला कारण आहे. वेस्टर्न डिजिटलच्या पुष्कळ बाह्य डिस्कमध्ये ब्रिज चिपच डेटा कूटबद्ध करते, पासवर्ड ठेवला नसला तरीही. अशी डिस्क बाहेर काढली तर पलीकडे नुसता कचरा दिसतो. काही छोट्या डिस्कमध्ये साटाचं टोकच नसतं, यूएसबी थेट पट्टीवर जोडलेलं असतं. २ टेराबाइटच्या वरचे काही जुने डबे ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे करून दाखवतात. अशी डिस्क बाहेर काढल्यावर विभागणी सापडत नाही आणि विंडोज निरागसपणे ‘फॉरमॅट करू का?’ विचारते. ‘नाही’ म्हणा, डिस्क परत त्याच डब्यात घाला.

पायरी ७: हाती आलेले आकडे

साटामध्ये ५, १९७ आणि १९८ हे तीन क्रमांक पाहा: बदललेले सेक्टर, निर्णय न झालेले सेक्टर, दुरुस्त न होणारे सेक्टर. त्यांचा मूळ आकडा वाढत असेल तर डिस्क उताराला लागली. १९९ (जोडणीतून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा डब्यातल्या जोडणीचा. डिस्क टाकू नका. हा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, वाढायचा थांबतो. सीगेटमध्ये १ आणि ७ या क्रमांकांपुढे कोट्यवधींचा आकडा बघून घाबरू नका. त्यात चुकांची संख्या आणि एकूण क्रियांची संख्या एकाच आकड्यात भरलेली असते.

सॅस डिस्कला हे क्रमांक नसतात. तिथे ‘ग्रोन डिफेक्ट’ (वापरात नव्यानं खराब झालेल्या जागा) यादीची लांबी आणि न सुधारलेल्या चुकांचा रकाना पाहायचा. एनव्हीएमईमध्ये ‘क्रिटिकल वॉर्निंग’, उरलेली राखीव जागा, वापरलेले टक्के आणि मीडिया चुका. जे सॉफ्टवेअर सॅस डिस्कलाही साटाचेच रकाने दाखवतं आणि ते रिकामे ठेवतं, ते तिच्यासाठी निवडू नये.

पायरी ८: नजर ठेवणं

स्मार्टमॉनटूल्समधलं स्मार्टडी पार्श्वभूमीत राहून आकडे बदलले की मेल पाठवतं. त्याच्या आपोआप शोधावर वेगळ्या कंट्रोलरमागच्या सगळ्या डिस्क सापडतीलच असं नाही, म्हणून त्याच्या जुळणी-फाइलमध्ये (सेटिंग लिहायची फाइल) प्रत्येक डिस्क तिच्या प्रकारासह स्वतंत्र ओळीत लिहा. लहान चाचणी रोज, लांब चाचणी महिन्यातून एकदा, आणि रेडमधल्या सगळ्या डिस्कची लांब चाचणी एकाच रात्री नको. शेवटी ‘एम टेस्ट’ हा पर्याय घालून स्मार्टडी एकदा सुरू करा, म्हणजे प्रत्येक डिस्कसाठी एक चाचणी-मेल येईल. मेल मोजा. डिस्क आठ आणि मेल सात आले, तर राहिलेल्या डिस्कची ओळ शोधा. कार्ड बदललं, डबा बदलला किंवा कार्डाचं फर्मवेअर चढवलं की हे मेल पुन्हा मोजायचे, कारण तेव्हा क्रमांक सरकलेले असू शकतात.